मिठाचा शेक

बाळंतिणीच्या खोलीचा वास मला कधीच सोसला नाही. ओव्याची धुरी, कोमट तेल, आंबट झालेले दुधाचे फडके आणि या सगळ्यावर घट्ट लावलेली खिडकी. लोक म्हणतात, घर कसं भरल्यासारखं वाटतं. मला मळमळतं. त्यातून आमचं घर पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत, सातव्या मजल्यावर. तिथं कोळशाची शेगडी पेटली की धूर लिफ्टसमोरच्या बोळात साठतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, 'कुणाकडे काही जळतंय का?' त्या थंडीत हा प्रश्न जवळजवळ रोज सकाळी यायचा. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिला आणि नातीला न्हाऊमाखू घालायला दापोडीहून एक मालीशवाली बाई यायची, आणि तिच्यावर देखरेख करायला माझी थोरली नणंद. नणंदबाईंचं सासर दापोडीचं, माहेर मावळातलं, आणि मुक्काम बहुतेक वेळा आमच्याकडे.

पुढचं सांगण्याआधी माझ्या छातीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात या विषयाला तोंड फोडायची बंदी आहे, म्हणून आधी तेच उरकते. मुलगी बारावीला असताना माझ्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये आत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. वरची कातडी माझी, आतली वस्तू कारखान्यातली. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा खाली पाहिलं ते भीत भीत, आणि तिथं काहीतरी होतं. सपाट नव्हतं. त्या दिवशी मी रडले ती आनंदानं, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

मला ते टिकवायचं होतं. ते बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई फार स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ही आयुष्यभराची वस्तू समजू नका. कधी ना कधी बदलावी लागेल किंवा काढावी लागेल. आतून फुटली तरी बऱ्याचदा कळत नाही. दुखत नाही, आकार बदलत नाही, जेल तिथल्या तिथं बसून राहतं. म्हणून दुखत नसतानाच तपासायचं." मग त्यांनी कातडीला चिमटा काढला आणि विचारलं, "कळलं?" मला कळलं नव्हतं. "तेच सांगतेय. इथं तुम्हाला स्पर्श कळणार नाही, चटका बसला तरी कळणार नाही. गरम पाण्याची पिशवी नको, वाफ नको, शेक नको, मालीश नको. ही कातडी पातळ आहे. ती गेली तर आतलंही गेलं."

हे मला पटायला जड गेलं नाही. मी चाकणला गाड्यांचे रबरी सील बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे रबराच्या प्रत्येक खोक्यावर मुदत असते. सील बाहेरून काळं कुळकुळीत दिसलं तरी मुदत संपली की बाजूला. तेव्हा माझ्या छातीतल्या वस्तूलाही कधीतरी वय होणार, हे मी मुकाट मान्य केलं. दर महिन्याला आंघोळीनंतर आरशासमोर उभं राहायचं, दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, एखादी वर ओढली गेलीय का, कातडी लाल झालीय का, बघायचं. ठरल्या वेळी सोनोग्राफी, डॉक्टर म्हणतील तेव्हा एमआरआय. दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी, तिथं आधी सांगायचं की डावीकडे इम्प्लांट आहे. एवढंच. यात कसलंही अवघड शास्त्र नव्हतं.

अवघड होती ती माणसं. आमचे हे दर रविवारी पार्किंगमध्ये गाडी धुतात. बोनेटवर कावळ्यानं घाण केली तर जेवण सोडून खाली जातात. सर्व्हिसिंगची तारीख चुकली तर यांना झोप लागत नाही, गाडी ठणठणीत चालत असली तरी. पण मी म्हटलं, माझी तपासणी आली, की यांचा प्रश्न ठरलेला.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

मी एकदा म्हटलं, गाडीला कुठं दुखतं? तर म्हणाले, "गाडीचं वेगळं असतं गं." आणि पुन्हा पेपरात तोंड. पुढं मी विचारायचं सोडलं. कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून एकटीच जायचे.

सोनोग्राफी सेंटरवरचा काउंटरवाला दरवेळी वेगळा, पण सगळ्यांचा आवाज एकच. समोर बाकांवर माणसं बसलेली, टीव्ही चालू, आणि हा काचेच्या भोकातून विचारणार, "मॅडम, इम्प्लांट म्हणजे कॉस्मेटिक का?" मग बाकावरची प्रत्येक नजर वर. आधी माझ्या तोंडाकडे आणि मग, अजिबात न लाजता, खाली. डावं कुठलं आणि उजवं कुठलं याचा अंदाज बांधत बसलेले म्हातारे मी पाहिलेत. मी एकदा त्या काउंटरवाल्याला तितक्याच मोठ्यानं म्हटलं, "कॅन्सरनंतरचं आहे, भाऊ. अजून काही विचारायचंय?" तर बाकावरची एक बाई पदर सावरून माझ्यापासून दूर सरकली. ती किळस कोणाची कोणाला वाटत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र तिची आली होती.

बाळंतपणाच्या आधीच्या पावसाळ्यात झालेली तपासणी स्वच्छ आली. ते जरा घट्ट झालं होतं. अशा वस्तूभोवती शरीर आपलं एक वेष्टण तयार करतं आणि ते कधीकधी आवळतं. पण फुटलेलं नव्हतं, गळत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान सांभाळलंय. आत्ता हात लावायची काही गरज नाही. असंच सांभाळा." शाळेत कधी मिळाली नव्हती ती शाबासकी मला या वयात मिळाली. घरी येताना मी स्वतःसाठी एक नवीन ब्लाउजपीस घेतलं.

आता बंदीचं सांगते. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा नणंदबाईंनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बोलावून फर्मान काढलं. मुलाकडचे चाकणचे, कांद्याचे व्यापारी, मोठं खटलं. "त्यांच्या कानावर ह्ये जाता कामा न्हाई. आईला असलं झालं म्हंजे लेकीला बी व्हईल, नातींना बी व्हईल, असंच म्हणत्यात लोक. एकदा अक्षता पडूं दे." अक्षता पडल्या. मग म्हणाल्या, एकदा दिवस जाऊं दे. दिवस गेले. मग म्हणाल्या, मूल होऊं दे. माझा आजार म्हणजे जणू घरातली चोरी होती आणि चोर मी होते. हे नणंदबाईंच्या मागं उभे राहून मान डोलवत होते. मी गप्प बसले, कारण प्रश्न मुलीचा होता. तिला मी एवढंच म्हटलं होतं की सासरी हा विषय नको. ती काही बोलली नव्हती.

त्या सकाळी विहीणबाई नात बघायला आल्या होत्या. मुलगी कान बांधून पलंगावर पडलेली, डोळा लागलेला. मालीशवाली बाई बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन मोकळी झाली होती. बाई तशी मनानं चांगली, मराठवाड्यातून आलेली, तोंडाची फटकळ, हाताला जोर. बाळ घेऊन घेऊन माझा खांदा धरला होता, तो मी चोळत होते. नणंदबाईंनी ते पाहिलं.

"हिचा बी हात चोळ गं जरा."

मी नको म्हणेपर्यंत बाई माझ्या मागं येऊन बसलीही. खांदा चोळता चोळता तिची बोटं बगलेतून पुढं गेली, आणि थांबली. मग तिनं दाबलं. ते तेलकट, उबट बोट माझ्या गाऊनवरून त्या कडेकडेनं फिरताना मी बघत होते. कळत काहीच नव्हतं, फक्त दिसत होतं, आणि दिसणंच इतकं ओंगळ होतं की अंगावर काटा आला.

"अगं बया!" ती ओरडली. "ही केवढी गाठ हाय तुमच्यात!"

विहीणबाईंचा चहाचा कप हवेत थांबला. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत नणंदबाई म्हणाल्या, "वायूची हाय ती. थंडीत धरती तिला."

वायूची गाठ! इतकं सहज, इतकं चटकन. खोटं बोलायला सुद्धा माणसाला क्षणभर वेळ लागावा. बाईला मात्र ते लगेच पटलं. आमच्याकडं गाठ म्हटली की शेक, हे ठरलेलंच. बाळंतिणीला दुधाची गाठ झाली तरी शेकून मोकळी करतात, तिचं तर रोजचंच काम ते. शेगडी पेटलेली होतीच. "मग शेकून काढू की. जाड मिठाची पुरचुंडी करते. दोन शेकांत बसतीया खाली."

"नको," मी म्हटलं. "मला दुखत नाही."

"दुखत न्हाई तवर शेकावं, ताई. मग लई अवघड व्हतंय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नणंदबाई मागोमाग आल्या. मी म्हटलं, "ताई, मला तिथं शेक चालत नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. कातडी बधिर आहे माझी, भाजलं तरी कळायचं नाही." त्यांनी दाराकडं बघितलं. माझ्या छातीची नव्हे, दाराची काळजी.

"हळू बोल. तू आता न्हाई म्हणलीस तर त्या इचारतील, कशाची गाठ हाय. काय सांगशील? दोन मिनटं बस गप. मिठानं कोण मरतंय?"

मी कप धुतल्यासारखं केलं आणि बाहेर आले. गाऊन जाड होता. मी मनात म्हटलं, कापडावरून घेऊ, मी हात मध्ये धरीन. खाली बसले. बाईनं तव्यावर तापवलेलं खडेमीठ फडक्यात बांधलं आणि शेकायला सुरुवात केली. पहिल्यांदा मी बोटं मध्ये घातली, तर माझी बोटं चटकली. बोटं काढून घेतली आणि पुरे म्हणायला तोंड उघडलं. एवढ्यात विहीणबाईंनी काहीतरी विचारलं, कंपनीत किती दिवसांची रजा टाकली वगैरे, आणि मी त्यांच्याकडं बघून हसून उत्तर देत राहिले. नणंदबाई डोळ्यांनी मला शाबासकी देत होत्या. ते डोळ्यांनी बोलणं, त्या भुवया. आजही कुणी बाई दुसरीला डोळ्यांनी खूण करताना दिसली की माझं डोकं फिरतं.

मग वास आला. मला वाटलं, फडकं करपलं. बाईलाही तसंच वाटलं असावं, तिनं पुरचुंडी उलटसुलट करून पाहिली आणि दुसरीकडून लावली.

विहीणबाई गेल्यावर न्हाणीघरात गाऊन काढला. आरशात डावीकडे, खालच्या बाजूला, हाताच्या पंज्याएवढी जागा पांढरी पडली होती आणि कडेला फोड होते. मोठे, पाण्यानं भरलेले, थरथरणारे. मी त्यातल्या एकाला बोट लावलं. काही कळलं नाही. इतकं भाजलेलं आणि दुखत काही नाही. दुखलं असतं तर मी किंचाळले असते आणि सगळं तिथंच थांबलं असतं. मी बेसिनच्या काठाला धरून उभी राहिले आणि मला माझ्याच अंगाची शिसारी आली. त्याआधी कधी आली नव्हती, कॅन्सरमध्येही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ड्रेसिंग करताना एकच विचारलं, "मी सांगितलं नव्हतं का?" मी म्हटलं, सांगितलं होतं. "मग कोणी केलं?" मी म्हटलं, घरात पाहुणे होते. त्यांनी कात्री ट्रेमध्ये आपटली.

पुढचे काही आठवडे म्हणजे गॉज, मलम, अँटिबायोटिक आणि तो वास. गॉज काढलं की पिवळट ओलावा, खाली मऊ, राखाडी झालेली कातडी. कंपनीत मी कुणाच्या शेजारी बसेना. यांना म्हटलं, बघा तरी एकदा. यांनी बघितलं आणि नाकाला रुमाल लावला. पटकन काढलाही, पण लावला होता. नणंदबाई हळद-लोणी घेऊन आल्या. मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि सिंकमध्ये उपडी केली. त्या यांना म्हणाल्या, "चिडचिड लई वाढलीया हिची."

एका सकाळी ड्रेसिंग बदलताना जखमेच्या तळाशी काहीतरी चमकलं. आधी वाटलं पाणी आहे. मग उजेडात वाकून बघितलं. गुळगुळीत, काचेसारखं, किंचित धुरकट. माझ्या कातडीतून आतली वस्तू बाहेर डोकावत होती. इतकी वर्षं आरशात जिची काळजी घेतली ती मला पहिल्यांदाच दिसली, ती अशी. मी गॉज लावलं, रिक्षा केली आणि गेले.

डॉक्टरीणबाई खुर्ची जवळ ओढून बसल्या तेव्हाच मला कळलं. "काढावं लागेल. उघडं पडलंय, आत जंतू गेलेत. दुसरं लगेच बसवता येणार नाही. ही कातडी पुन्हा ताण सहन करेल का, हे मी आज सांगू शकत नाही. खरं सांगायचं तर मला आशा कमी वाटते." मग म्हणाल्या, "वस्तू चांगली होती हो. अजून फुटलेली नाहीये."

काढलं. शुद्धीवर आल्यावर मी पुन्हा खाली पाहिलं. सपाट होतं. पट्टीखालून एक नळी बाहेर आली होती आणि कॉटच्या कडेला अडकवलेल्या डब्यात लालसर पाणी ठिबकत होतं. खोलीत दोन कॉट, मध्ये पडदा. पलीकडे दुसऱ्या कुठल्या तरी ऑपरेशनची बाई होती. स्टुलावर नणंदबाई बसल्या होत्या. हे गाडी सावलीत लावायला खाली गेले होते.

संध्याकाळी विहीणबाई खिचडीचा डबा घेऊन आल्या. कॉटशेजारी उभ्या राहिल्या, नळीकडं पाहिलं, खाली ठिबकणाऱ्या लाल पाण्याकडं पाहिलं. "कसं वाटतंय आता?"

माझ्याआधी नणंदबाई बोलल्या. "गळू झालं व्हतं. मोठं. कापून काढलं."

मला आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. आता लपवायला उरलंय काय? तरी ही बाई खोटं बोलतेय, आणि तेही माझ्या जखमेवर हात ठेवल्यासारखं. मी उशीवरून डोकं उचललं. "गळू नव्हतं. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. स्तन काढून आत सिलिकॉन बसवलं होतं. त्या दिवशी तुमच्यासमोर शेकलं, ते हेच. वरची कातडी जळली, म्हणून आता तेही काढलं."

विहीणबाईंनी डबा खाली ठेवला. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. वाईट वाटलेलं दिसत होतं, पण आश्चर्य नव्हतं.

"कॅन्सरचं ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "लग्न ठरायच्या आधीच तुमच्या लेकीनं आमाला सांगितलं व्हतं. म्हणाली, आईचं असं असं ऑपरेशन झालंय, तुमाला चालत असंल तरच पुढं जाऊ. आमी म्हटलं, त्यात काय चालायचंय? फक्त तुमाला ठाऊक हाय ह्ये आमच्या घरी सांगू नका म्हणाली, आईला वाईट वाटंल."

त्यांनी खिचडीच्या डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं.

"त्या दिवशी माझ्या अगदी तोंडावर आलं व्हतं, की बाई, तिथं ऑपरेशन झालंय, शेकू नका. पण तुमी एवढं लपवताय म्हटल्यावर मी चारचौघीत कसं काढायचं? तुमाला ओशाळं वाटलं असतं. म्हणून मग मी आपलं रजेचं इचारलं."

रजेचं विचारलं. आणि मी हसून उत्तर दिलं होतं. त्या खोलीत तेव्हा आम्ही पाचजणी होतो. मला माहीत होतं, नणंदबाईंना माहीत होतं, पलंगावर झोपलेल्या मुलीला माहीत होतं, समोर बसलेल्या विहीणबाईंना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एका मालीशवालीला, आणि पुरचुंडी तिच्या हातात होती.

नणंदबाई स्टुलावरून उठल्या. दोन कॉटमधला पडदा थोडा उघडा राहिला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत नीट ओढून घेतला, आणि आम्हा दोघींकडं वळून कुजबुजल्या, "हळू बोला. पलीकडच्या बाईला ऐकू जाईल."